तिबूची ठिबकती काठी

तिबुर्सियु फोंतेशच्या हातून औषधाचा थेंब कधी सांडत नाही, ही गोष्ट बॉस्टनकडल्या कार्व्हर गावात सगळ्यांना ठाऊक होती, कारण ती तिबूनेच सगळ्यांना सांगितली होती. पोस्टात सांगितली होती, न्हाव्याकडे सांगितली होती, आणि एकदा तर चर्चमध्ये, शवपेटीशेजारी उभं राहून, मयताच्या थोरल्या जावयालाही सांगितली होती. जावई बिचारा रडत होता. तिबू त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "रड बाबा, रड. डोळ्यातून गळायलाच हवं. काठीतून गळता कामा नये."

आता काठी म्हणजे काय, ते सांगायला हवं. क्रॅनबेरीचा, म्हणजे आंबट लाल बेरीचा, वेल असतो घोट्याएवढा. एकदा वाळूत लावला की गालिचा पसरावा तसा सगळ्या वाफ्यावर पसरतो आणि आजोबांनी लावलेला नातू तोडत बसतो. त्यामुळे नांगर घालायची सोय नाही. आणि तण तर बारमाही. काटेवेल म्हणू नका, खाजवेल म्हणू नका, वर चार पानं आणि खाली मुळांचं मोहोळ. उपटलं तर एक तुकडा खाली ठेवून येतं, आणि पुढच्या साली त्या तुकड्याचे सगळे चुलतभाऊ वर येतात. वरून फवारा मारावा तर तणाबरोबर वेलही मरतो. म्हणून हे लोक औषध फवारत नाहीत, पुसतात. हॉकीच्या काठीसारखी वाकडी पोकळ नळी घ्यायची, तिच्यात औषध भरायचं, खालच्या टोकाला स्पंज. जुलैत तण वेलीच्या वर मान काढतं, तेवढ्या मानेला स्पंज लावायचा. तण ते औषध खाली मुळापर्यंत पितं आणि मरतं. वेलीला मात्र थेंब लागता कामा नये. लागला, तर वेलही त्याच वाटेने जातो. गंमत अशी की त्या दिवशी काहीच दिसत नाही. हे औषध काही शेजारणींसारखं असतं: तोंडावर अवाक्षर काढत नाही, आणि दोन-तीन आठवड्यांनी गावभर सांगतं.

शेतकी खात्याच्या हॅडलीबाई दरवर्षी सांगायच्या, "औषधात रंग मिसळा, मिस्टर फोंतेश. कुठे लागलं, कुठे सांडलं, लगेच दिसतं."

"रंग ज्यांचा हात गळतो त्यांना," तिबू म्हणायचा. "मला कशाला?"

हात खरोखरच चांगला होता, खोटं कशाला बोला. पण सवय वाईट होती. वेलीच्या वर जे मान काढील त्याला पुसायचं, हे त्याच्या अंगात इतकं भिनलं होतं की जुलैत त्याच्यासमोर काही उभं ठेवायची चोरी. बहीण झुल्मिराची रविवारची टोपी अंगणातल्या झुडपावर वाळत होती, तिचं पीस त्याने जाता जाता पुसलं. त्याचा दोस्त लालाव पिना (दोघे एकमेकांच्या पोरांचे धर्मबाप, म्हणून एकमेकांना 'कोंपाद्रे' म्हणायचे) एकदा मासे धरायचा गळ बांधावर उभा खोचून घोरत पडला होता. तिबूने गळाची काठी बुडापासून शेंड्यापर्यंत व्यवस्थित पुसून काढली.

लालाव उठून म्हणाला, "कोंपाद्रे, ती बांबूची काठी आहे. ती मेलेलीच आहे."

तिबू म्हणाला, "बघ! लागू पडलं की नाही?"

बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलं बॉस्टनला. घरात तिबू आणि थोरली बहीण झुल्मिरा. झुल्मिराचं स्वयंपाकघर टेकाडावर, आणि तिच्या खिडकीतून तिबूचा सगळा वाफा चरापर्यंत दिसायचा. चरावर एक फळी होती. फळीपलीकडे आइली रान्तालाचा वाफा. तिकडचं मात्र खिडकीतून दिसायचं नाही, कारण मध्ये पंपघर होतं. देवाने पंपघर तिथे का बांधलं असेल, याचा विचार तिबू त्या उन्हाळ्यात वारंवार करायचा आणि दर वेळी त्याचे आभार मानायचा.

आइली फिनिश लोकांपैकी. नवरा कालेर्वो गेल्यापासून एकटी वाफा सांभाळायची, आणि असा सांभाळायची की तिच्या वाफ्यात तण उगवायलाही लाजायचं. बोलणं अगदी मोजकं. ती वर्षाला जेवढं बोलायची तेवढं तिबू दाढी करताना आरशाशी बोलायचा. पण एकदा जूनच्या शेवटी तिच्या पंपाचा पट्टा तुटला, तिबूने बसवून दिला, आणि तिने त्याला कॉफी दिली. बरोबर वेलदोडा घातलेला गोड पाव. तिबूने पाव तोंडात घातला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला बोलायला काही सुचलं नाही. पाव संपल्यावर सुचलं. तो तासभर बोलला. ती ऐकत होती, साखरेचा खडा दातात धरून त्यातून कॉफी ओढत होती, आणि शेवटी म्हणाली, "फोंतेश, उद्या पण कड आहे."

'कड' म्हणजे कसली ते तिबूला रात्रभर कळेना. दुसऱ्या दिवशी गेल्यावर कळलं: वेलदोड्याच्या पावाची करपलेली कड. ती स्वतः खायची, पण आदल्या दिवशी बोलता बोलता त्याने ती मागून घेतली होती हे तिच्या लक्षात होतं.

बस्स. तिथून पुढे तो रोज जायला लागला.

आता जायचं कसं? बांधावरून जावं तर तो सबंध तळ्याला वळसा घालून लालावच्या दारावरून जातो, आणि लालावच्या पोटात काही राहत नाही, जेवणसुद्धा. वाफ्यातून सरळ जावं तर खिडकीत झुल्मिरा. आणि झुल्मिराचं फिनिश लोकांविषयी मत पक्कं होतं. "ती माणसं वाफेच्या खोलीत उघडी बसतात आणि बाहेर येऊन बर्फात लोळतात. कॉफीशी खारवलेला मासा खातात. आणि बोलत नाहीत! जो माणूस बोलत नाही, तो काहीतरी लपवतो."

"आणि जो बोलतो तो, अक्का?" तिबूने विचारलं.

"तो काही लपवू शकत नाही," झुल्मिरा म्हणाली. "तुझ्याकडे बघून सांगते."

तेव्हा तिबूने शक्कल काढली. काठी खांद्यावर टाकायची. काठी खांद्यावर असली की माणूस कामाला चाललाय हे उघड आहे. झुल्मिरा खिडकीतून ओरडायची, "कुठे रे?"

"काटेवेल!" तिबू ओरडायचा. "पार चराच्या कडेला आलीय!"

काठी खांद्यावर बंदुकीसारखी टाकलेली, वाकडं टोक मागे, स्पंज पाठीमागे लोंबतोय, असा तो ताठ मानेने वाफा तुडवत जायचा. पंपघर मागे टाकायचं. फळी ओलांडली, की आइलीच्या वाफ्यातून सरळ तिच्या अंगणाच्या रोखाने. अंगणाच्या अलीकडे एका ठरावीक जागी थांबायचं, काठी वेलीत उभी टेकवायची, खिशातून कंगवा काढायचा आणि मिशा विंचरायच्या. मिशा म्हणजे त्याची दौलत. उजवीकडची गुणी होती, डावीकडची हट्टी. डावीला वेळ लागायचा. तेवढा वेळ काठी बिचारी वेलीत उभी. मग कंगवा खिशात, काठी खांद्यावर, आणि दारात जाऊन म्हणायचं, "रान्तालाबाई, तुमच्या कडेला काटेवेल दिसली, म्हटलं पुसून जावं."

"दिसली?" आइली विचारायची.

"म्हणजे दिसेल असं वाटलं."

"कॉफी," आइली म्हणायची.

जुलै असा गेला. शेवटी एक दिवस, पावाचा दुसरा तुकडा हातात असताना, तिबूने विचारलं. विचारलं म्हणजे काय, सुरुवात त्याने बेटांवरून आलेल्या आपल्या आजोबांच्या जहाजापासून केली, मग दुष्काळ, मग न्यू बेडफर्डचा धक्का, मग पहिला वाफा, मग बायकोचं आजारपण, आणि ऊन कलायला लागलं तेव्हा कुठे तो मुद्द्यावर आला. "तर रान्तालाबाई, मी म्हणतो, दोन वाफ्यांच्या मधे एकच चर आहे. तो चरही फार रुंद नाही."

आइलीने कप खाली ठेवला. खिडकीतून वाफ्याकडे बोट केलं.

"हा वाफा आमच्या सासऱ्यांनी हातांनी लावला," ती म्हणाली. "कालेर्वो चांगला होता. पण आडदांड. ट्रॅक्टर वेलीवर उभा करायचा. मी पंचवीस वर्षं त्याच्यामागून वेल उभे करत फिरले. आता पुन्हा नाही फिरायची." तिच्या मानाने हे भाषणच झालं. थोडा दम घेऊन ती म्हणाली, "माझ्या वाफ्याला जपणारा असेल, तर विचार करीन. बेऱ्या निघाल्या की सांगते."

"जपणारा!" तिबू उठून उभाच राहिला. "अहो, गावात कुणालाही विचारा! या हातातून कधी थेंब—"

"ऐकलंय," आइली म्हणाली.

तो त्या दिवशी घरी आला तो तरंगतच. काठी खांद्यावर, स्पंज मागे. पुढे बघून चालणाऱ्याला मागे काय होतंय ते दिसत नाही. आणि प्रेमात पडलेला माणूस तर पुढेही बघत नाही.

ऑगस्ट उजाडला. तिबूने जुने बूट चकाकवले. झुल्मिराने विचारलं, "काटेवेलीला बूट चकाकून जायचं असतं होय?" तो म्हणाला, "तण असलं म्हणून काय झालं, मान द्यावा." ती गप्प बसली, पण डोळे बारीक करून गप्प बसली. झुल्मिराचं तसं गप्प बसणं म्हणजे मांजराने दबा धरणं.

ऑगस्टच्या मध्याला तिकडे एक रिवाज आहे. सगळे क्रॅनबेरीवाले एका संध्याकाळी कुणातरी एकाच्या वाफ्यावर जमतात. बांधावरून हिंडायचं, कीड बघायची, तण बघायचं, दुसऱ्याच्या वाफ्याला नावं ठेवायची आणि मग त्याच्याकडेच जेवायचं. बायका भांडी घेऊन येतात. त्या साली पाळी आइलीची होती. तिबूने तर नवी गळपट्टीच काढली. मनात म्हणाला, सगळ्या गावासमोर तिचा वाफा बघू या, आणि मी मध्ये उभा.

तो पोचला तेव्हा सगळे बांधावर एका रांगेत उभे होते आणि एकाच दिशेला बघत होते. तिबूने पण बघितलं.

आइलीच्या हिरव्यागार वाफ्यात, चरावरच्या फळीपासून थेट तिच्या अंगणापर्यंत, एक तपकिरी पट्टा पडला होता. ठिपके, ठिपके, ठिपके. शिवणयंत्राने टाके घालावेत तसे. अंगणाच्या अलीकडे एक गोल डाग, परातीएवढा, पार वाळलेला. आणि तिथून परत ठिपके, दारापर्यंत.

 तिबूने हळूच मागे वळून आपल्या वाफ्याकडे बघितलं. तिकडेही तसेच टाके, थेट फळीपर्यंत. काल संध्याकाळी ते त्याला दिसले होते, पण त्याला वाटलं उन्हाने झालं असेल. माणसाला स्वतःचा वाफा नेहमी उन्हानेच वाळलेला वाटतो.

"बुरशी असेल," एकजण म्हणाला.

"बुरशी सरळ रेषेत चालते होय? ही काय मिरवणुकीला निघालीय?"

"घूस असेल. जमिनीखालून."

"घूस फळीवरून चर ओलांडते?" लालाव म्हणाला. त्याला आता मजा यायला लागली होती. तो बांध उतरून खाली गेला, हात पाठीमागे बांधून, पोलीस इन्स्पेक्टरसारखा. "हे बघा. जाताना ठिपके लांब लांब, म्हणजे गडी घाईत आहे. येताना जवळ जवळ, म्हणजे पाय निघत नाहीये. रोज आलाय. एकाच वाटेने."

हॅडलीबाई गुडघ्यावर बसल्या, एक वाळकी डहाळी उलटीपालटी केली आणि लगेच म्हणाल्या, "हे तणनाशक आहे. पुसायच्या काठीतून गळलंय. काठी आडवी खांद्यावर टाकली, टोक मागे ठेवलं, की असंच ठिबकतं. म्हणून तर मी रंग घाला म्हणते."

सगळ्यांनी आपापल्या काठ्या मनात मोजल्या आणि सगळे निर्धास्त झाले. तिबू तेवढा आभाळाकडे बघत होता. आभाळात काही नव्हतं.

"पण हा गोल डाग कसला?" एका बाईने विचारलं. "इथे काय केलं मेल्याने? स्वयंपाक?"

लालाव त्या गोलापाशी पोचला होता. तो वाकला, वेलीत हात घातला आणि काहीतरी वर धरलं. कंगवा होता. शिंगाचा, एका बाजूचे दोन दात पडलेला.

 मग मागून, हातात मक्या-घेवड्याच्या कचूपाचं मोठं पातेलं धरून उभी असलेली झुल्मिरा स्वच्छ आवाजात म्हणाली, "हा मी त्याला नाताळात दिला होता."

तुम्ही कधी रांगेतल्या बदकांना एकदम मान वळवताना बघितलंय? तशा सगळ्या माना तिबूकडे वळल्या. आणि तिबूचा हात, देव जाणे का, त्याच क्षणी डाव्या मिशीकडे गेला.

मग जे हसू फुटलं ते तळ्याच्या पलीकडे ऐकू गेलं म्हणतात. "काटेवेल फारच उंच दिसते या बाजूला!" "विंचरून पुसतोस की पुसून विंचरतोस, तिबू?" "हातातून गळत नाही म्हणाला होता बरोबर! खांद्यावरून गळतं!" लालाव तर बांधावर बसूनच राहिला, डोळे पुसत. हॅडलीबाईंनी सभ्यपणे तळ्याकडे तोंड केलं, पण त्यांचे खांदे हलत होते.

हसत नव्हती ती एकटी आइली. ती त्या पट्ट्याकडे बघत होती. सासऱ्यांनी हातांनी लावलेल्या वेलीकडे.

"रान्तालाबाई," तिबू म्हणाला. एक पाऊल पुढे आला.

"जेवण निवतंय," आइली सगळ्यांना म्हणाली आणि घरात गेली.

तिबू जेवला नाही. घरी जाताना फळीवरून गेला नाही, बांधावरून गेला, सबंध तळ्याला वळसा घालून. झुल्मिरा रिकामं पातेलं डोक्यावर घेऊन त्याच्यामागे. अर्ध्या वाटेत ती म्हणाली, "ती मुकी बाई? एवढ्या गावात तुला बोलणारी एक मिळाली नाही?"

"अक्का, तिने सांगितलं होतं. वाफा जपणारा असेल तर. बेऱ्या निघाल्या की सांगते म्हणाली होती." आणि मग हळूच, "काय सांगणार ते आता वाफ्यावरच लिहिलंय."

झुल्मिराला त्याचं तोंड बघवलं नाही. तिने पातेलं डोक्यावरून काखेत घेतलं. "दोन वेळा वाढून घेतला तिने कचूपा," ती पुटपुटली. "चव कळते बाईला. एवढं मी म्हणीन."

दुसऱ्या दिवशी तिबूने काठी पंपघरात उलटी टांगून ठेवली. आपल्या वाफ्यातले चांगले जोमदार वेल निवडून त्यांच्या काड्या कापल्या, बादलीत भिजत घातल्या, आणि लांबच्या बांधावरून, लालावच्या दारावरून, सगळ्यांच्या देखत, आइलीच्या वाफ्यावर गेला. मेलेल्या पट्ट्यात गुडघ्यावर बसून एकेक काडी बोटाने वाळूत खोचायला लागला. तिकडे बेणं असंच लावतात. वेल धरायला वर्षं लागतात, पण धरतो.

आइलीने खिडकीतून बघितलं. दार उघडलं नाही.

तो रोज गेला. येणाऱ्याजाणाऱ्यांना ती करमणूकच झाली. लालाव बांधावरून ओरडायचा, "कोंपाद्रे, बरोबर ठिपक्यात लाव हां! टाका चुकला तर शिवण उसवेल!" तिबू उत्तरच द्यायचा नाही. तेव्हा लालाव घाबरला. घरी जाऊन बायकोला म्हणाला, "तो उलट बोलत नाही. डॉक्टरला दाखवायला पाहिजे."

एके सकाळी झुल्मिराने बादलीबरोबर एक डबा दिला. आत तांदूळ आणि घेवड्याचा जागासीदा. "तिच्या पायरीवर ठेव. माझं नाव सांगू नकोस."

"मग कुणाचं सांगू?"

"कुणाचंच नको. ती कुठे विचारणार आहे?"

संध्याकाळी डबा पायरीवर, धुतलेला. आत वेलदोड्याच्या पावाचे दोन तुकडे. तिबूने एक खाल्ला. दुसरा झुल्मिराने खाल्ला आणि म्हणाली, "वेलदोडा जास्त झालाय," आणि कपाटातला बंद करून ठेवलेला चांगला डबा उद्यासाठी बाहेर काढला.

तिबूच्या मनात आशेने मान वर काढली. तीही काटेवेलच. उपटली तरी खाली तुकडा राहतोच.

पण सप्टेंबर सरता सरता एका सकाळी तो वाफ्यावर गेला, आणि पट्टा मोकळा होता. त्याने लावलेली एकूण एक काडी उपटलेली. गोल डागात लावलेल्यासुद्धा. फक्त सपाट वाळू. कुणी रागाने ओरबाडलेलं नव्हतं, अगदी निगुतीने काढलेलं होतं. ते जास्त लागलं. रागाने उपटलं असतं तर माणूस भांडला असता. निगुतीने उपटलेल्याशी काय भांडणार?

तो बादली घेऊन परत फिरला. झुल्मिराला म्हणाला, "मिळालं उत्तर."

बेऱ्या काढायचे दिवस आले. तिकडे त्या वेळी वाफ्यात पाणी सोडतात. यंत्राने वेल झोडपला की बेऱ्या सुटून वर येतात आणि सगळं पाणी लाल होतं. मग सगळे शेजारी छातीपर्यंतच्या रबरी विजारी घालून पाण्यात उतरतात, तरंगता पट्टा ओढत बेऱ्या कोपऱ्यात गोळा करतात. आज माझा वाफा, उद्या तुझा. तेव्हा आइलीच्या वाफ्यावर तिबूला जावंच लागलं. न जाणं म्हणजे सगळ्या गावाशी वैर.

त्या दिवशी तिबू पाण्यात उभा राहिला आणि चकार शब्द बोलला नाही. पट्ट्याच्या एका टोकाला तो, दुसऱ्या टोकाला आइली. मधे लाल बेऱ्यांचं रान. पाण्याखाली कुठे काय मेलंय ते दिसत नव्हतं, पण तिबूचे पाय ती वाट ओळखत होते. त्या जागी आला की तो बाजूला पाय टाकायचा, एवढ्या पाण्यातही, मेलेला वेल दुखेल म्हणून. आइली बघत होती. लालावने दोन-तीन विनोद करून बघितले, आणि मग त्यालाही ओशाळल्यासारखं झालं.

शेवटची गाडी भरून गेली. पाणी सोडून दिलं. दोन दिवसांनी सकाळी तिबू आपल्या अंगणात रबरी विजार धूत होता, तेव्हा झुल्मिरा खिडकीतून ओरडली, "तिबू! ती मुकी बाई हाका मारतेय!"

"ती हाका मारत नाही, अक्का."

"मग कोण मारतंय, पंप?"

तिबू ओल्या पायाने निघाला. सवयीने बांधाकडे वळला. तेवढ्यात फळीच्या पलीकडून आइली पुन्हा ओरडली, आणि त्या बाईला ओरडता येतं हे सगळ्या कार्व्हरला पहिल्यांदाच कळलं. "लांबून नको! इकडून ये!"

तो फळीवर येऊन थांबला. समोर त्याचा तो पट्टा. पण आता त्यात ताजी वाळू घालून चोपली होती आणि वर सीडरच्या फळ्या टाकल्या होत्या. एकेक फळी, चरापासून अंगणापर्यंत.

"मी काड्या लावल्या होत्या," तिबू म्हणाला. आवाज घोगरा झाला होता, बरेच दिवस वापरला नव्हता.

"त्या मी काढल्या. मागच्या कोपऱ्यात लावल्या. फळीच्या कडेला एक काटेवेल होती, ती मात्र खरंच मेलीय, तुझ्या औषधाने." आइलीने श्वास घेतला. "तू वाट बुजवत होतास, तिबू. बुजवलीस तर येणार कुठून?"

तिबू! तिने तिबू म्हटलं होतं. त्याला फळीचा आधार घ्यावासा वाटला, पण तो फळीवरच उभा होता.

"सासऱ्यांचा वेल—"

"मारलास तो मारलास. आता इथूनच यायचं. बाजूला पाय टाकायचा नाही. आणि काठी घरी ठेवायची."

"रंग घालीन," तिबू म्हणाला. "औषधात. लाल. हिरवा. तू म्हणशील तो."

"काठी घरी ठेवायची," आइली म्हणाली.

तो फळ्यांवरून निघाला, एकेक पाऊल जपून, जसा कुणी काचेवरून चालतो. अंगणाच्या अलीकडे तो थांबला. त्याच्या त्या गोल डागात मधोमध एक खांब पुरला होता. खांबावर कालेर्वोचा दाढीचा आरसा. आरशाखाली खिळा, आणि खिळ्याला दोऱ्याने बांधलेला दोन दात पडलेला शिंगाचा कंगवा.

"डावीकडची उभी राहिलीय," आइली दारातून म्हणाली. "कॉफी निवायच्या आत बसव."

तिबूने कंगवा घेतला आणि आरशात बघितलं. आरशात मागे सगळा वाफा दिसत होता, फळ्या, चर, पंपघर. आणि पंपघराच्या कडेला, खिडकीतून दिसेना म्हणून खाली उतरून आलेली झुल्मिरा, टाचा उंचावून, औषधाने पीस विटलेली रविवारची टोपी घालून, हातात मोठं पातेलं.